एक फळ बियाण्याला

परसबागेवरची बहुतेक पुस्तके मातीपासून सुरू होतात आणि तोडणीपाशी थांबतात. बियाण्याच्या वाट्याला त्यांत एखादी ओळ येते: खात्रीच्या दुकानातून चांगले बियाणे आणावे. मग वाफ्यांची मापे, खताची घमेली, मावा-तुडतुड्यांवरचे उपाय हे सगळे तपशिलाने येते आणि पुढच्या जूनमध्ये वाचक पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. या पुस्तकाची सुरुवात दुसरीकडे आहे. वेलीवरचा सगळ्यात देखणा दोडका कुणीही तोडायचा नाही, तो बियाण्याला राखायचा, असे घरात ठरते तिथून ते सुरू होते. बाग आपली आहे की आपण ती दरवर्षी नव्याने विकत आणतो, हे त्या राखलेल्या फळावर ठरते असे मलाही वाटते, आणि म्हणूनच ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबवतो आहे.

पुस्तक चोरखमाऱ्यासारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असते: इंग्रजी अमदानीतला मोठा तलाव आणि नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचे प्रवेशद्वार. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली. तेव्हापासून या रस्त्याने जाणाऱ्यांची नजर वाघाच्या शोधात असते. घरांमागच्या बांबूच्या मांडवांवर काय चढले आहे, हे पाहायला कुणी गाडी थांबवत नाही. हा सगळा मुलूख तलाव-बोड्यांचा आणि धानाचा. पाऊस वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरातच कोसळणारा. शेतकरी जमिनीला एका नावाने ओळखत नाही. कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बरडी अशी तिची प्रतवारी त्याच्या तोंडावर असते, आणि कुठल्या बांधीत कुठले धान टाकायचे हे त्यावरून ठरते. शिवार सारे धानाकडे, धुऱ्यावर तूर, धान कापायच्या आधी त्यातच फेकलेली लाखोळी. उरली भाजी, ती घरामागच्या सांदवाडीत.

सांदवाडी म्हणजे कुठे दोन-तीन गुंठे, कुठे न्हाणीमागची नुसती एक पट्टी. तिथे काय लावायचे हे बहुतेक घरांत बाई ठरवते, आणि ते तिच्या वर्षभराच्या कामांच्या फटींतून ठरते. ही गोष्ट शहरात लिहिलेल्या बागकामाच्या पुस्तकांना दिसत नाही. मार्चअखेरीपासून पहाटे मोहफुले वेचायला निघावे लागते. एप्रिलच्या शेवटी तेंदूपानांचा हंगाम येतो. त्या दिवसांत पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि सांदवाडीला मिळते ते न्हाणीचे सांडपाणी. जून लागला की धानाचे पऱ्हे टाकायची घाई, आणि जुलै-ऑगस्टात रोवणी. रोवणीला बांधीत उतरलेली बाई दिवस मावळल्याशिवाय घरी येत नाही. अशा घरात रोज निंदायला, रोज पाणी द्यायला लागणारी बाग टिकत नाही. म्हणून मृग लागताच, रोवणीच्या आधी, वेली टोकून घ्यायच्या: दोडका, कारले, काकडी, लाल भोपळा, पोपटाच्या शेंगा. रोवणी संपेपर्यंत त्या मांडवावर चढलेल्या असतात आणि त्यांना माणसाचा फार वेळ लागत नाही. पालेभाजी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, दसऱ्यानंतर, हात मोकळे झाल्यावर. पुस्तकातले पेरणीचे वेळापत्रक असे माणसांच्या हंगामावर बेतलेले आहे. नुसते हवामान पाहून केलेले तक्ते मी खूप पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे.

जंगल लागून असण्याचा भार बियाण्यालाही सोसावा लागतो. भाजी चार दिवसांत तोडून घरात येते. बियाण्याचे फळ मात्र महिना-दीड महिना वेलीवर उभे राहते, आणि तेवढे दिवस त्यावर वानरांचा डोळा असतो. रानडुकरांनी एका रात्रीत वाफा उकरला की बियाणेही गेले. म्हणून राखायचे फळ कुंपणाकडेच्या वेलीवर धरू नये, घराच्या भिंतीला लागून असलेल्या मांडवावर धरावे, आणि एकाऐवजी दोन वेलींवर धरावे. कारल्याकडे आणि मिरचीकडे वानरे सहसा वळत नाहीत. नवख्याने पहिले बियाणे त्यांचे धरायला हरकत नाही.

आता बियाण्याचीच गोष्ट. दुकानातल्या पाकिटांत दोन जाती असतात. संकरित बियाणे हे दोन निवडक आई-बापांच्या मीलनाची पहिली पिढी असते. तिची झाडे एकसारखी, जोमदार, भरपूर फळणारी. त्या फळांतले बी धरून पुन्हा लावले की दुसऱ्या पिढीत आजा-आजींचे गुण सुटे होऊन विखुरतात: एक झाड उंच, एक बुटके, एकाला चार फळे, एकाला चाळीस. बी उगवते, पण बाप दिसेल याची हमी नाही. सरळ किंवा सुधारित वाणाचे तसे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली प्रसारित केलेली परभणी क्रांती भेंडी घ्या. केवडा रोगाला, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याच्या विकाराला, दाद न देणारी म्हणून ती गाजली. ती सरळ वाणाची आहे आणि तिचे बी नीट निवडून धरले तर पुन्हा तीच भेंडी मिळते. गावठी वाण तर पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले. संकरित बियाण्याशी माझे भांडण नाही. बाजारासाठी एकराने टमाटर लावणाऱ्याने ते जरूर घ्यावे. सांदवाडीत मात्र सगळी फळे एकाच आठवड्यात पिकून काय करायचे? तिथे तीन महिने रोज मूठभर मिळणारे झाड हवे, आणि ते गावठी वाणांत सहज सापडते.

हल्ली उमेद अभियानाच्या बचत गटांमधून पोषण परसबागा उभ्या राहिल्या आहेत, शाळांच्या आवारातही वाफे दिसतात. हे काम मला मोलाचे वाटते. माणशी दिवसाला निदान चारशे ग्रॅम भाजी-फळे पोटात जावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि भात हेच मुख्य अन्न असलेल्या घरांत तो आकडा गाठायला घरामागची भाजीच उपयोगी पडते. अशा उपक्रमांत बियाण्याची पाकिटे वाटली जातात तेव्हा ती कोणत्या वाणाची आहेत, हे विचारले पाहिजे. सरळ वाणाचे एक पाकीट हे पुढच्या अनेक वर्षांचे बियाणे असते; संकरित पाकीट त्या हंगामासोबत संपते. पाकिटावरची चिठ्ठी वाचायची सवयही लावून घ्यावी. उगवणीचे किमान प्रमाण टमाटर-वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६० असे ठरलेले आहे, आणि उगवण तपासल्याच्या तारखेपासून नऊ महिनेच ती हमी धरतात. गुलाबी किंवा हिरवा रंग चढवलेल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते लहान मुलांच्या हाती देऊ नये.

निवड करणारा डोळा हा तज्ज्ञांचाच असतो असे नाही, हे झाडीपट्टीला वेगळे सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल ३ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. वर्षानुवर्षे हेच करत त्यातून जे धान हाती आले, ते पुढे एचएमटी या नावाने देशभर गेले. दादाजी २०१८ मध्ये वारले. दीड-दोन एकरांच्या शेतकऱ्याने केलेल्या या कामात प्रयोगशाळा नव्हती. वेगळे दिसलेले वेगळे राखायची शिस्त होती. पश्चिमेकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हीच शिस्त भाजीपाल्यात पाळली. वालाचे कितीतरी प्रकार, पालेभाज्या, वेली यांचे गावठी बियाणे त्यांनी गोळा केले, बायफ या संस्थेच्या साथीने घरातच बियाण्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या दोघांची नावे आपण सत्कारात घेतो. पुस्तक त्यांच्याकडून कामाची रीत घेते, ते मला अधिक आवडले: झाड फुलावर असतानाच निवडायचे, आधी फळलेले, निरोगी राहिलेले, ज्याची भाजी घरात सगळ्यांना आवडली ते. त्याला चिंधी बांधायची आणि घरभर सांगायचे. हंगामाच्या शेवटी उरलेसुरले, वाकडे, किडके फळ बियाण्याला ठेवायची जी सवय आहे, तिच्यामुळे दरवर्षी वाण थोडे थोडे खालावते.

कायदाही इथे आपल्या बाजूला आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. बियाणे वाटणाऱ्या बायकांच्या मनात कधी कधी उगाच धास्ती असते, म्हणून हे इथे नोंदवतो.

परागीभवनाचे प्रकरण पुस्तकातले सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर आहे. वाल, बरबटी, टमाटर यांचे फूल बहुतेक स्वतःचे स्वतःत फळते. शेजारी दुसरे वाण असले तरी फारसे बिघडत नाही. मिरची, वांगे, भेंडी यांत मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. वेली मात्र पूर्णपणे माशी-पतंगांच्या हाती. लाल भोपळ्याचे पाहा. नर फूल लांब देठावर, मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी पिवळी पडते, टोक किंचित सैल होते. तेव्हाच एक मादी आणि दोन नर कळ्यांची टोके दोऱ्याने अलगद बांधून ठेवायची. सकाळी ऊन चढायच्या आत नर फूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या मागे सोलायच्या आणि आतला परागाने माखलेला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. मग मादी फूल पुन्हा बांधून टाकायचे आणि देठाला रंगीत दोरा. तो भोपळा खात्रीने आपल्याच वाणाचा. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांचे हे काम दिवेलागणीला करायचे. शाळेतल्या मुलांना फुलाचे भाग पाठ करायला लावण्यापेक्षा हे एकदा करायला द्यावे, असे मला फार वाटते.

दुधीबद्दल एक गोष्ट आरोग्याची आहे. रानातल्या किंवा कुंपणावरच्या कडू तुंब्याचा पराग दुधीवर आला तर त्या बियांपासून उगवलेल्या वेलीला कडू फळे लागू शकतात. कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते विषारी असते. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत. दुधी चिरताना लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा, कडू लागला तर थुंकावा, ते फळ फेकावे आणि त्या वेलीचे बी मुळीच धरू नये.

बी काढणे आणि ठेवणे यात जुन्या रीती आणि विज्ञान यांचे चांगले जुळते. टमाटराचे पूर्ण पिकलेले फळ चिरून गर आणि बिया वाटीत पिळायच्या, थोडे पाणी घालून दोन दिवस सावलीत ठेवायच्या. वर पांढरी साय धरते, आंबूस वास सुटतो. बियांभोवती जे बुळबुळीत वेष्टन असते, त्यात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. आंबण्याने ते विरघळते. मग भरपूर पाण्यात धुवावे. भरलेले बी तळाशी बसते, पोचट बी पाण्याबरोबर वाहून जाते. कागदावर वाळवले तर चिकटून बसते, म्हणून ताटलीत किंवा सुपात, सावलीत. वांगे झाडावरच पिवळे पडू द्यायचे, काकडीही तशीच. दोडका वेलीवर इतका वाळवायचा की हलवला तर आत बिया वाजल्या पाहिजेत. भोपळ्या-काकडीच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि राखेत बी मुरवून मडक्यात ठेवायचीही. राख ओल शोषते आणि तिच्या बारीक कणांनी भुंग्यांच्या अंगावरचे मेणाचे आवरण घासले जाते, त्यामुळे ते कोरडे पडून मरतात. बियाण्याचे शास्त्र सांगते की बियातली ओल एका टक्क्याने उतरली, किंवा ठेवायच्या जागेचे तापमान पाच अंशांनी उतरले, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. चोरखमाऱ्याच्या मे महिन्यात थंडावा कुठून आणायचा? म्हणून सारा भर कोरडेपणावर. घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाशी कोरडी राख, वर कागदाच्या पुड्या, आणि बाटली घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात. पुडीवर वाणाचे नाव, कुणाकडून आणले आणि वर्ष. कांद्याचे बी वर्षभरातच म्हातारे होते, मिरचीचे दोन-तीन वर्षे चालते, टमाटर, वांगे आणि वेलींचे चार-पाच.

घटस्थापनेला आपण घरोघर पत्रावळीवर माती पसरून धान्य रुजत घालतो. मृगाच्या पंधरा दिवस आधी भाजीच्या बियाण्याचेही असेच करावे. वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि सोळा-सतरांना मोड आले तर निर्धास्त. दहाच रुजल्या तर दुप्पट टोकायच्या. पाचाच्या खाली आल्या तर शेजारी हात पसरायला अजून वेळ असतो. कारल्याचे कवच टणक, ते एक दिवस भिजवून घ्यावे. सांभाराचा दाणा म्हणजे जोडबी, हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून पेरावा. बी आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावे, अधिक नाही. वांगी, मिरची, टमाटर यांची रोपे करायला इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही, कारण धानाचे पऱ्हे टाकून रोवणी करणे तो लहानपणापासून पाहतो. फरक एवढाच की धानाचे रोप पाण्यात उभे राहते आणि मिरचीचे रोप पाणी साचले की बुंध्याशी सडून कोलमडते. म्हणून गादीवाफा वीतभर उंच, आणि सिहार-बरडीसारख्या हलक्या जमिनीत तलावाचा वाळलेला गाळ आणि कुजलेले शेणखत मिसळून.

पुस्तकाचा एक गुण मला विशेष वाटतो. काय जमणार नाही, तेही ते सांगते. पत्ताकोबीला बी धरायला दीर्घ थंडी लागते. ती गोंदियात पडत नाही, म्हणून कोबीचे बी विकतच आणावे. गावठी वाल आणि अंबाडी दिवस लहान झाल्याशिवाय नीट फुलत नाहीत, म्हणून त्यांना उन्हाळ्यात लावून बियाण्याची वाट पाहू नये. मृगात लावलेला वाल हिवाळ्यात शेंगांनी लदतो. एक तक्रार मात्र आहे. कोचई, म्हणजे अळू, आणि तिच्या पानांचा धोपा यांना पुस्तकात जागा नाही, कारण ती बियाण्यावर येत नाहीत, कंदावर येतात. नियम म्हणून ठीक आहे. पण न्हाणीच्या ओलीवर वर्षभर उभी राहणारी दुसरी भाजी या भागात शोधून सापडणार नाही, आणि पुढच्या आवृत्तीत तिला एक पान द्यावे.

ज्याने कधीच बी धरले नाही त्याने पहिल्या वर्षी वाल, बरबटी, अंबाडी आणि टमाटर एवढेच घ्यावे. चारही सोपी आहेत आणि पुढच्या वर्षी भोपळ्याच्या फुलापाशी जायचे धाडस त्यांतून येते. सुरुवातीचे बी दुकानातून न आणता गावातल्या ज्या सांदवाडीत वर्षानुवर्षे तेच वाण दिसते, तिथून मागावे. ते या पावसाला, या मातीला, इथल्या किडींना सरावलेले असते. मागताना नुसती मूठभर बी घेऊन परतू नये. ते कोणत्या नक्षत्रात टोकतात, वेलीचे पहिले फळ राखतात की तिसरे-चौथे, किती वाळू देतात आणि कशात ठेवतात, हे सगळे त्या बाईकडून विचारून पुडीवर लिहून घ्यावे.